यंत्रमानव खरा, भारतीय खोटा

साधारण नव्वद सालची गोष्ट. आमच्या गल्लीत महिन्यातून एखाद्या शनिवारी वर्गणी काढून भाड्याने व्हीसीआर आणायचे. सोबत तीन कॅसेट. पहिली अमिताभची, दुसरी भुताची आणि तिसरी इंग्रजी. तिसरी लागेपर्यंत निम्मी गल्ली सतरंजीवर आडवी झालेली असायची. अशाच एका पहाटे ‘शॉर्ट सर्किट २’ लागला. आमचे अण्णा वीज मंडळात वायरमन. सिनेमाचं नाव ऐकून तेवढ्यासाठी ते जागे राहिले.

इंग्रजी कोणालाच धड कळत नव्हतं, पण गोष्ट कळत होती. जॉनी फाइव्ह नावाचा रोबॉट शहरात येतो, लहान मुलासारखा सगळ्यांवर विश्वास ठेवतो, चोर त्याला फसवतात आणि शेवटी मारून मोडून टाकतात. त्याच्यावर जीव लावणारा त्याचा मित्र, त्याला बनवणारा इंजिनिअर बेन, हा चक्क भारतीय! सावळा, दाढीवाला, गडबडत बोलणारा. अण्णा उठून बसले. म्हणाले, "अरे, हा आपला माणूस आहे रे!"

पुढे कितीतरी वर्षं मला मार्क कमी पडले की हाच माणूस माझ्या डोक्यावर आपटायचा. "तिकडे आपल्या माणसाने रोबॉट बनवला, आणि तुला साधा फ्यूज बांधता येत नाही."

१९९९ मध्ये वायटूकेच्या लाटेत मी न्यू जर्सीला गेलो. एकदा जेवणाच्या सुट्टीत या सिनेमाचा विषय निघाला तेव्हा मी अभिमानाने बेनचं नाव काढलं. समोरचा हसला. म्हणाला, तो शिकागोचा गोरा नट आहे, रंग लावला होता त्याला. मला खोटं वाटलं. संध्याकाळी लायब्ररीतून कॅसेट आणली आणि शेवटची नावं थांबवून थांबवून वाचली. फिशर स्टीव्हन्स. पुढच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा अण्णांना सांगून टाकलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग विचारलं, "आणि तो रोबॉट? तो तरी खरा होता ना?"

हो, अण्णा. तो खरा होता.

हे आज लिहायचं कारण म्हणजे सध्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक चर्चा रंगलीय. हॉलिवूडवाले हल्ली प्रत्येक सिनेमात विविधता कोंबतात, एक काळा, एक चिनी, एक भारतीय असा कोटा भरतात. पूर्वी कसं, सिनेमा म्हणजे सिनेमा असायचा, त्यात राजकारण नव्हतं. हे वाचलं आणि मला बेन आठवला. पूर्वी राजकारण नव्हतं? चला, जरा पूर्वी जाऊन बघू.

आधी त्या रोबॉटबद्दल. पहिला ‘शॉर्ट सर्किट’ आला १९८६ मध्ये, दिग्दर्शक जॉन बॅडम. लष्करासाठी बनवलेल्या रोबॉटवर वीज पडते आणि त्याला जीव येतो, अशी हलकीफुलकी विज्ञानकथा. रोबॉटची रचना सिड मीड यांनी केली. ‘ब्लेड रनर’चं भविष्यातलं शहर ज्यांच्या कल्पनेतून आलं तेच हे सिड मीड. प्रत्यक्ष यंत्रं एरिक अलार्ड आणि त्यांच्या चमूने बांधली. चालवणारा माणूस एक खास पेहराव घालून हात हलवायचा, आणि रोबॉटचे हात तसेच हलायचे. भुवयांच्या जागच्या पट्ट्या वरखाली झाल्या की तो लाजलाय की घाबरलाय हे कळावं, इथपर्यंत विचार केलेला. पत्र्याच्या डब्याला माणूसपण देण्यासाठी एवढी मेहनत.

आणि शेजारी उभ्या असलेल्या भारतीयासाठी काय केलं? स्टीव्हन्सने स्वतः सांगितलेली हकिगत अशी, की मूळ पटकथेत ते पात्र भारतीय नव्हतंच, गोरं होतं. आधी त्याची निवड झाली, मग त्याला काढलं. मधल्या काळात पात्र भारतीय करायचं ठरलं आणि पुन्हा त्यालाच बोलावलं. विशीतला होतकरू नट, आलेलं काम सोडणार कसा? दाढी वाढवली, केस काळे केले, कातडी रंगवून घेतली, बोलण्याची ढब शिकला.

पात्राचं आडनाव ठेवलं जबितुया. हे आडनाव भारताच्या कोणत्या जिल्ह्यात सापडतं ते मला आजवर कळलेलं नाही. दुसऱ्या भागात काही न सांगता ते जाहरवी झालं. पहिल्या भागात एक विनोद आहे: तू कुठला, असं विचारल्यावर बेन कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचं नाव घेतो, तसं नाही, तुझे पूर्वज कुठले, म्हटल्यावर पिट्सबर्ग सांगतो. विनोद खरंच चांगला आहे. परदेशात राहिलेल्या प्रत्येकाला हा ‘नक्की कुठला’ प्रश्न ठाऊक आहे. पण दुसऱ्या भागात तोच बेन नुकता आलेला परदेशी होऊन नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करतो! रोबॉटच्या एकेका स्क्रूची नोंद ठेवणाऱ्यांना हा माणूस जन्मला कुठे एवढंही लक्षात ठेवावंसं वाटलं नाही.

कोणी म्हणेल, तेव्हा भारतीय नट मिळत नसतील. चार वर्षं आधी, १९८२ मध्ये, ‘गांधी’ आला होता. आठ ऑस्कर. पडदाभर भारतीय नट. कस्तुरबा झालेल्या आपल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडींना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. सईद जाफरी, रोशन सेठ इंग्रजी सिनेमांत काम करत होते. नट होते. फक्त विनोदी भूमिकेसाठी शोधावेत असं कोणाला वाटलं नव्हतं.

असं का, हे समजायचं तर अजून मागे जावं लागतं.

१९११ मध्ये आपल्या मुंबईत एक मुलगी जन्मली. पुढे ती मर्ल ओबेरॉन नावाने हॉलिवूडची नायिका झाली. ‘द डार्क एंजल’ या १९३५ च्या सिनेमासाठी तिला सर्वोत्तम अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. पण आपण मुंबईच्या, मिश्र वंशाच्या, हे तिने जन्मभर लपवलं. जगाला सांगितलं की मी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची. ज्या सावळ्या बाईने तिला वाढवलं, तिची ओळख पाहुण्यांना मोलकरीण म्हणून करून दिली जायची, असं तिचे चरित्रकार सांगतात. कारण साधं होतं. गोऱ्या नायकाची नायिका वेगळ्या वंशाची दाखवायला हॉलिवूडच्या नियमावलीचीच मनाई होती.

त्याच नियमावलीने ॲना मे वाँगचा बळी घेतला. चिनी शेतकऱ्यांच्या आयुष्यावरचा ‘द गुड अर्थ’ १९३७ मध्ये आला. ॲना मे वाँग ही त्या काळातली सर्वात नावाजलेली चिनी-अमेरिकन अभिनेत्री. पण शेतकऱ्याचं काम पॉल म्युनी या गोऱ्या नटाकडे गेलेलं, म्हणजे बायकोही गोरीच हवी. लुइस रायनरला चिनी बाई बनवलं आणि त्या कामाबद्दल तिला ऑस्करही मिळालं. म्हणजे बघा, खरी आशियाई बाई गोरी असल्याचं सोंग करते तेव्हाच नायिका होते, आणि गोरी बाई आशियाई असल्याचं सोंग करते तेव्हा तिला बक्षीस मिळतं.

हे फक्त सिनेमापुरतं नव्हतं. भगतसिंग थिंड नावाचे शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांनी नागरिकत्व मागितलं. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. निकालानंतर सरकारने ज्यांना आधीच नागरिकत्व दिलं होतं अशा भारतीयांकडून ते काढून घ्यायला सुरुवात केली, आणि खुद्द पंडितांवरही खटला भरला. पंडित वर्षानुवर्षं लढले आणि त्यांनी स्वतःचं नागरिकत्व राखलं. बाकी अनेकांना ते जमलं नाही. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला जेमतेम शंभर भारतीय. १९६५ च्या कायद्याने ते नीट उघडलं, आणि मग डॉक्टर, इंजिनिअर निघाले. आमची पिढी गेली ती त्याच वाटेने.

म्हणून १९८६ साली प्रयोगशाळेत भारतीय इंजिनिअर दाखवावा असं वाटणं स्वाभाविकच होतं. तो तिथे खरोखर होता. शेजारी राहत होता, डबा खात होता, टॅक्स भरत होता. फक्त सिनेमा त्याला विचारायला गेला नाही. सिनेमाकडे भारतीयाचा एक तयार साचा होता, आणि तो भारतातून आलेलाच नव्हता. तो पीटर सेलर्सचा होता.

सेलर्स हा अफाट नट, हे मान्यच. १९६० च्या ‘द मिलियनेरेस’मध्ये तो भारतीय डॉक्टर झाला. १९६८ च्या ‘द पार्टी’मध्ये तो हृंडी बक्षी झाला: तोंडाला रंग, गोड पण वेंधळा, जाईल तिथे सांडलवंड. हा माणूस दुष्ट नाही, उलट सगळ्यांत निरागस तोच. बेनही तसाच. इंग्रजी वाक्प्रचार उलटेपालटे करतो, बायकांसमोर गडबडतो, मनाने सोन्यासारखा. या साच्याला वाईट म्हणणं म्हणूनच अवघड जातं.

याच सुमारास सत्यजित राय यांच्या मनात एक विज्ञानपट होता, ‘द एलियन’. बंगालमधल्या खेड्यात तळ्यात एक अवकाशयान उतरतं आणि त्यातल्या छोट्या पाहुण्याची एका गरीब मुलाशी गट्टी जमते. हलक्या विनोदाची, मायेची गोष्ट. कोलंबिया कंपनीने रस दाखवला होता. त्यातल्या मारवाडी व्यापाऱ्याच्या कामासाठी नाव कोणाचं? पीटर सेलर्सचं. म्हणजे भारतीयाने लिहिलेल्या, भारतात घडणाऱ्या सिनेमालासुद्धा पैसा उभा करायचा तर भारतीयाच्या कामाला सेलर्स हवा. तो सिनेमा शेवटी झालाच नाही. आपल्या गोष्टीतून, आपल्या माणसांतून अशी एक विज्ञानकथा जगभर गेली असती, ती कागदावर राहिली.

आता परत ‘शॉर्ट सर्किट’कडे. पहिला भाग १९८६ चा, दुसरा १९८८ चा. मधल्या वर्षी, १९८७ मध्ये, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीत भारतीयांवर हल्ले करणारी एक टोळी पुढे आली. नाव ‘डॉटबस्टर्स’. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरची टिकली. आणि नावाचा घाट उघड उघड ‘घोस्टबस्टर्स’चा, म्हणजे १९८४ च्या आणखी एका विज्ञान-विनोदपटाचा. भारतीयांना इथून हुसकावून लावू असं त्यांचं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं. शेजारच्या होबोकनमध्ये त्याच वर्षी एका भारतीय तरुणाला बेदम मारहाण झाली, त्यात तो गेला.

सिनेमामुळे हे झालं असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. माझं म्हणणं एवढंच, की ज्या वर्षांत खऱ्या भारतीयाला रस्त्यावर मार बसत होता, त्या वर्षांत पडद्यावर त्याचं एक हसरं, रंगवलेलं चित्र चालू होतं, आणि त्या चित्रात या माराचा मागमूस नव्हता. दुसऱ्या भागात गुंड जॉनी फाइव्हला तोडतात तेव्हा प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही आलं होतं. शेवटी सोन्याने मढलेला जॉनी आणि बेन नागरिकत्वाची शपथ घेतात. थिंड यांना नाकारलेलं नागरिकत्व पासष्ट वर्षांनी पडद्यावर एका यंत्राला मिळालं, आणि शेजारी उभ्या असलेल्या ‘भारतीया’ला ते मुळातच होतं, कारण तो शिकागोचा होता!

हे सगळं उघडपणे बोललं गेलं ते २०१५ मध्ये. अझीझ अन्सारी हा तमिळ आईवडिलांचा, साउथ कॅरोलायनात वाढलेला विनोदी नट. लहानपणी बेनला पाहून तो माझ्यासारखाच हरखला होता, आणि त्यालाही सत्य नंतर कळलं. न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखासाठी त्याने थेट स्टीव्हन्सला गाठलं. स्टीव्हन्सने काही लपवलं नाही. दुसऱ्या भागाआधी आपण भारतात राहून आलो, उच्चारांची शिकवणी लावली, पण आज हे काम घेणार नाही, ते भारतीयानेच करायला हवं, असं तो म्हणाला. मला हा माणूस आवडला. त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. त्याने कष्ट केले. दार बंद ठेवणारे दुसरे होते.

त्यानंतर गोष्टी हलल्या. ‘द सिम्प्सन्स’मधल्या दुकानदार अपूचा आवाज हँक अझारिया हा गोरा नट तीस वर्षं काढत होता. हरी कोंडाबोलू या विनोदी कलाकाराने २०१७ मध्ये त्यावर माहितीपट केला, केवढी बोंबाबोंब झाली, पण २०२० मध्ये अझारियाने ते काम सोडलं.

आणि २०२३. ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ला सात ऑस्कर. हाही विज्ञान-विनोदपटच: कपडे धुण्याचं दुकान चालवणारं चिनी कुटुंब, टॅक्सची कटकट, आणि त्यातून फुटलेली अनंत विश्वं. मिशेल योला सर्वोत्तम अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं तेव्हा बातम्यांत शब्द जपून लिहिले होते: स्वतःला आशियाई म्हणवणारी या गटातली पहिली नामांकित आणि पहिलीच विजेती. ‘म्हणवणारी’ का? कारण १९३५ मध्ये आपली मुंबईकर मर्ल होती, जिला म्हणवून घेता आलं नाही. त्याच सिनेमातले जेम्स हाँग तेव्हा नव्वदी ओलांडलेले. एका पुरस्कार सोहळ्यात त्यांनी ‘द गुड अर्थ’ची आठवण काढली, डोळ्यांना पट्ट्या लावून गोरे नट चिनी व्हायचे तो काळ सांगितला. सगळं सभागृह उभं राहिलं. त्या म्हाताऱ्याने सत्तर वर्षं छोटी छोटी कामं करत वाट पाहिली होती.

नुसता खरा माणूस घेतला की काम भागतं असंही नाही. १९८४ च्या ‘टेंपल ऑफ डूम’मध्ये आपले अमरीश पुरी होते, रोशन सेठ होते, तरी जेवणाच्या ताटात माकडाचा मेंदू होता. माणूस खरा, देश खोटा. त्याच सिनेमातला छोटा पोरगा के हुई क्वान. मोठा झाल्यावर त्याला कामंच मिळेनात, म्हणून अभिनय सोडून कॅमेऱ्यामागे गेला. तो परत आला आणि ऑस्कर घेऊन गेला, तो याच ‘एव्हरीथिंग’मध्ये. फरक काय पडला? लिहिणाऱ्या-दिग्दर्शित करणाऱ्या दोघांपैकी एक, डॅनियल क्वान, अशाच घरात वाढलेला होता. त्या दुकानाचा वास त्याला ठाऊक होता.

आता आपल्याकडे येऊ. हॉलिवूडला शिव्या घालून पोस्ट संपवणं सोपं आहे, लाइकही मिळतील. पण ‘द पार्टी’ ज्या १९६८ मध्ये आला त्याच वर्षी आपल्याकडे ‘पडोसन’ आला. मेहमूदने केलेला मद्रासी मास्तर आपण अजून हसत हसत आठवतो. तमिळ माणसाला तेव्हा काय वाटलं, हे आपण कधी विचारलंय? २०१४ मध्ये मणिपूरच्या मेरी कोमचं काम प्रियांका चोप्राने केलं. २०१९ मध्ये ‘सुपर ३०’साठी हृतिक रोशनला सावळं रंगवलं. गरीब बिहारी दाखवायचा तर सावळा नट नाही मिळाला, रंग मिळाला. १९८६ चंच कारण, आपल्या देशात, आपल्या लोकांवर.

आणि मी स्वतः? कॉलेजच्या गॅदरिंगला मी मराठवाड्याच्या एका पोराची बोली करून टाळ्या घेतल्या होत्या. तो पहिल्या रांगेत बसून हसत होता. न्यू जर्सीत ऑफिसच्या पार्टीत लोकांनी भारतीय उच्चारांची नक्कल केली तेव्हा मीही तसाच हसलो. इतकंच नाही, त्यांच्या आग्रहाखातर मीच ती नक्कल करून दाखवली. माझा स्वतःचा उच्चार मी माझ्याच तोंडाने वाकडा केला. घरी जाताना गाडीत मला पहिल्या रांगेतला तो पोरगा आठवला. तो का हसत होता ते तेव्हा कळलं.

म्हणजे बोलीवर विनोद करूच नये का? तसं नाही. आपल्याकडेच उत्तर आहे. मालवणी बोली पूर्वी नाटकात यायची ती बहुतेक घरगड्याच्या तोंडी, चार हशे घ्यायला. मग गंगाराम गवाणकरांनी ‘वस्त्रहरण’ लिहिलं आणि मच्छिंद्र कांबळींनी ते उभं केलं. तीच बोली, तीच फजिती, हशा तर दसपट. पाच हजारांवर प्रयोग झाले. पण यावेळी लिहिणारा मालवणी, करणारा मालवणी, आणि पहिल्या रांगेतला मालवणी माणूस सगळ्यांत मोठ्याने हसत होता. त्या हसण्यात माझ्या गॅदरिंगमधल्या पोराचं हसणं नव्हतं.

तर ग्रुपवरच्या मित्रांना माझं उत्तर हे. कोटा आत्ता सुरू झालेला नाही. पूर्वीही कोटा होता, तो शंभर टक्के होता, म्हणून दिसत नव्हता. चिनी बाई गोरी, भारतीय डॉक्टर गोरा, भारतीय इंजिनिअर गोरा, कार्टूनमधल्या दुकानदाराचा आवाजसुद्धा गोरा. आज दहातले दोन बदलले की आपल्याला ‘कोंबाकोंबी’ वाटते. काही सिनेमांत ती खरंच वरवरची असते, कथेत जीव नसतो, हे मलाही दिसतं. तो सिनेमा वाईट म्हणा की. पण ‘पूर्वी बरं होतं’ म्हणण्याआधी विचारा, कोणासाठी?

अण्णा आता नाहीत. बेन खोटा निघाला म्हणून त्यांचा आनंद खोटा होता असं मी मानत नाही. पहाटे तीन वाजता, न कळणाऱ्या भाषेत, पडद्यावर आपला माणूस दिसला म्हणून एक वायरमन सतरंजीवर उठून बसला होता. एवढ्या आनंदाच्या बदल्यात समोर खरा माणूस उभा करावा, इतकीच अपेक्षा आहे.

तुमच्या लहानपणी पडद्यावरचा किंवा रंगमंचावरचा असा कोणी ‘आपला माणूस’ होता का, जो नंतर रंगवलेला निघाला? किंवा तुमच्या गावच्या बोलीवर लोक हसले आणि तुम्हालाही हसावं लागलं? खाली लिहा. मी सगळं वाचतो.